कोरोना गेला, पण विमानातलं त्याचं सामान अजून उतरलं नाही

प्रतापनगरी (धागाकर्ता) | रविवार, सकाळी १०:१२

राम राम मंडळी. बरेच दिवसांनी लिहून राहिलो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात दिल्लीहून नागपूरला आलो. चेक-इनच्या रांगेत माझ्या पुढे एक काका-काकू होते, पंचाहत्तरीचे असतील, बोलण्यावरून आपल्याकडचेच. मुलाने काढून दिलेला कागद काकांनी पुढे केला तर काउंटरवरची पोरगी म्हणे अंकल वेब चेक-इन किया है क्या, नाही म्हटल्यावर तिने मागच्या मशीनकडे बोट दाखवलं आणि पुढच्याला बोलावलं. काका मशीनपुढे उभे, चष्मा वर करून बघताहेत, खाली करून बघताहेत, काकू म्हणताहेत अहो हा ओ आहे की शून्य. शेवटी मी जाऊन टाकून दिलं. बॅगेचा टॅग बाहेर आला, तो कुठून सोलायचा आणि कसा गुंडाळायचा हे पण आम्हीच शोधलं. काका हसून म्हणाले, "म्हणजे तिकीटही आपलं आणि हमालीही आपलीच."

तेव्हा डोक्यात आलं की हे सगळं मी आधी बघितलंय. जून २०२०.

तेव्हा मी गुडगावला होतो. बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, इकडे आई एकटी. २५ मेला देशातली विमानं पुन्हा सुरू झाली होती पण नेहमीच्या एक तृतीयांशच. वेब चेक-इन सक्तीचं, आरोग्य सेतू अ‍ॅप नाहीतर तब्येतीचं घोषणापत्र, सामान एकच बॅग, आणि बॅगेचा टॅग घरूनच छापून न्यायचा. घरी प्रिंटर कुठला बे! दुकानं बंद. नियमात लिहिलं होतं की प्रिंट नसेल तर जाड कागदावर नाव आणि पीएनआर लिहून बॅगेला बांधा. तर दिवाळीत घरून आलेला संत्रा बर्फीचा डबा होता, त्याचं झाकण कापलं, मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने नाव लिहिलं, सुतळीने बॅगेला बांधलं. बॅग पट्ट्यावरून गेली तेव्हा झाकण उलटं झालं आणि संत्र्याचं चित्र वर. ते संत्रं आत जाताना दिसलं आणि का कोण जाणे, गळाच भरून आला.

सीट मधली मिळाली. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नियम तेव्हा नुकताच आला होता, मधली सीट शक्यतो रिकामी ठेवा आणि नाहीच जमलं तर तिथे बसणाऱ्याला अंगभर गाऊन द्या. मग मला गाऊन. खिडकीवाल्याला आणि कडेवाल्याला फक्त मास्क आणि तोंडावर प्लास्टिकची शील्ड. म्हणजे दोघांच्या मधोमध मी ऑपरेशनला निघाल्यासारखा, आणि विषाणू बिचारा गाऊन बघून परत जाणार. शील्डवर वाफ धरली, पावणेदोन तास मला समोरची सीट पण नीट दिसली नाही. पाणी प्यायची हिंमत नाही, कारण मास्क खाली केला की बाजूचा माणूस भिंतीकडे सरकायचा. कुणी खोकललं की अख्खं विमान मागे वळून बघायचं.

सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरलो तर डाव्या हातावर शिक्का. १४ दिवस घरात. शाई इतकी पक्की की बाबांचं ऑपरेशन झालं, ते वॉकर घेऊन चालायला लागले तरी माझ्या हातावर तारीख वाचता येत होती. दवाखान्यात जायची सोय नाही, मी वरच्या खोलीत आणि बाबा व्हिडिओ कॉलवर. आलो कशासाठी आणि करून काय राहिलो असं झालं होतं.

तर मुद्दा हा, की त्या वेळचं जे प्रवाशांच्या भल्यासाठी म्हणून आलं त्यातलं गाऊन गेलं, शिक्का गेला, मास्क गेला. पण ज्याने कंपनीचा खर्च वाचतो ते मात्र एकही गेलं नाही. माणूस कमी, मशीन जास्त, एकच बॅग. असं मलाच वाटतं का तुम्हालाही? आपापले अनुभव टाका.


तर्रीबाज | १०:४०

पहिला मी. संत्रा बर्फीचं झाकण वाचून नाश्त्याचा पोहा घशात अडकला राजेहो.

बाकी मी २०२० मध्ये विमानाचा फक्त आवाज मिस केला. आमचं घर वर्धा रोडला, लहानपणापासून विमान गेलं की बोलणं थांबवायची सवय. एप्रिलमध्ये आमच्या आजीने दोनदा विचारलं, बाप्पा माझे कान गेले का रे.


बर्डीचा_एजंट | ११:२५

धागाकर्ते, तुम्ही प्रवासी म्हणून लिहिलं, आता जरा दुकानाच्या आतून ऐका. बावीस वर्षं तिकिटं काढून राहिलो, असा मार्च कधी बघितला नव्हता.

लोकांना वाटते एजंटने तिकीट काढलं म्हणजे पैसे त्याच्या खिशात. तसं नसते. आम्ही कंपनीकडे आधी पैसे भरून ठेवतो, वॉलेट म्हणतात त्याला, त्यातून तिकीट कटते. गिऱ्हाईक आम्हाला नंतर देते, कधी कधी दोन महिन्यांनी देते. २५ मार्चपासून उड्डाणं बंद, तिकिटं सगळी रद्द. कंपन्या म्हणाल्या रोख परत नाही, क्रेडिट शेल घ्या, म्हणजे आमच्याचकडे पैसे पडून राहतील, पुढे कधी उडाल तेव्हा वापरा. आता गिऱ्हाईकाला हे शेल म्हणजे काय ते कसं सांगाल? एक वऱ्हाडी मंडळी होती, एप्रिलच्या लग्नाची, बावीस तिकिटं गोव्याची. लग्न झालं घरच्या घरी दहा जणांत. नवरदेवाचे वडील माझ्या घरी आले, गेटच्या बाहेर उभे, मी आत, मधे सहा फूट. म्हणे "शंख-शिंपले काही नको, माझे पैसे दे."

मी माझे दिले. सगळे नाही, निम्मे. बाकीचे पुढल्या वर्षी.

मग १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, प्रवासी लीगल सेल या संस्थेच्या याचिकेवर. लॉकडाऊन लागल्यावर त्याच काळासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे लगेच परत. आधी काढलेली असतील तर पंधरा दिवसांत परत, आणि कंपनीची परिस्थितीच नसेल तर शेल, ३१ मार्च २०२१ पर्यंत चालणारं, दुसऱ्याच्या नावावर करता येणारं, आणि वर व्याजासारखं काहीतरी, जून २०२० पर्यंत महिन्याला अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का. कागदावर एकदम झकास. आमच्यासाठी महत्त्वाचं हे होतं की एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा एजंटच्या खात्यातून जाणार हे कोर्टाने लिहून दिलं.

एका कंपनीने (नाव नाही सांगत, धंदा करायचा आहे) तरीही माझे पैसे लटकवून ठेवले. मेलवर मेल. उत्तर एकच, "तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे." शेवटचा हप्ता मिळाला तेव्हा माझ्या दुकानातला एक पोरगा नोकरी सोडून भाजीच्या गाडीवर गेला होता. चांगला पोरगा होता, सगळ्या गावांचे कोड तोंडपाठ. अजून बर्डीवर भेटला की म्हणतो, भाऊ, एनएजी ते बीओएम (नागपूर ते मुंबई) कितीला चालू आहे?


हिशेबी | दुपारी १२:०५

धागा चांगला आहे, पण भावनेच्या भरात सगळं कोरोनाच्या माथी मारताय.

आकडे बघा. २०१९ मध्ये देशांतर्गत विमानप्रवास केलेले लोक १४.४१ कोटी. २०२० मध्ये ६.३० कोटी. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक एका वर्षात गायब, विमानांचं भाडं, पार्किंग, पगार मात्र चालूच. कुठलाही धंदा असता तरी खर्च कापलाच असता. अमेरिकेने कंपन्यांना पगारासाठी अब्जावधी डॉलर दिले, जर्मनीने लुफ्थान्साला ९ अब्ज युरोचं पॅकेज दिलं. आपल्याकडे असं थेट काही नाही. दिलं काय तर भाड्याची पट्टी. प्रवासाच्या वेळेनुसार सात गट, प्रत्येकाला खालची आणि वरची मर्यादा, दिल्ली-मुंबई ३५०० ते १०००० अशी सुरुवात होती. लोकांना वाटलं वरची मर्यादा आपल्यासाठी. अर्धं खरं. खालची मर्यादा होती म्हणून मोठ्या कंपनीला भाडं पाडून छोटीला मारता आलं नाही.

आणि हमाली म्हणाल तर २०२० च्या आधी पण वेब चेक-इन होतंच. मी २०१५ पासून करतो. रांगेत उभं राहायला मला तरी आवडत नाही.


प्रतापनगरी | १२:२०

@हिशेबी, करायला मिळणं आणि करावंच लागणं यात फरक आहे की नाही? तुम्ही करता, तुम्हाला जमतं. काकांना नाही जमत.


हिशेबी | १२:३१

मान्य. पण काकांना शिकवायचं काम कंपनीचं नाही.


खामल्याची_माय | १२:५८

मग कोणाचं? पैसे तर काकांकडून पण तेवढेच घेतले ना.


मिहानचा_मेकॅनिक | १:३०

(जेवून आलो. सावजी. त्यामुळे जरा तिखट लिहीन.)

मी विमानांच्या देखभालीत आहे, कुठे ते नावावरून समजा (मिहान म्हणजे नागपूर विमानतळाला लागून असलेला औद्योगिक भाग). कोणालाच माहीत नसते की उभं विमान हे उडणाऱ्या विमानापेक्षा जास्त डोक्याला ताप देते. स्कूटर महिनाभर उभी ठेवली तर किक मारून चालू होते, विमानाचं तसं नाही. उभं केलं की इंजिनाची दोन्ही तोंडं झाकायची, आत ओल धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पिशव्या. वेग मोजायच्या नळ्या असतात पुढे, पिटो ट्यूब, बारीक तोंडाच्या, त्यात गांधीलमाशीने माती भरून घर केलं तर वर गेल्यावर वेग चुकीचा दिसेल, म्हणून त्यांना टोप्या. चाकं एकाच जागी दबून चपटी होऊ नये म्हणून ठराविक दिवसांनी फिरवायची. टाकीतल्या इंधनात पाणी साचून बुरशी धरते, त्याला औषध. इंजिन मधे मधे चालवून बघायचं. आणि पक्षी! पंखाच्या फटीत काडी दिसली की घरटं सुरू झालंच म्हणून समजा.

जगभरातली विमानं तेव्हा कोरड्या हवेच्या जागा शोधत फिरली. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वाळवंटात सिंगापूरवाल्यांची मोठमोठी विमानं रांगेने उभी, स्पेनमधे तेरुएलला युरोपवाल्यांची. आणि आपण? मे महिन्यात शेचाळीस डिग्रीत पत्र्यावर हात ठेवला तर फोड येईल. पायलटचं पण तसंच, ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाले नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, मग सिम्युलेटरवर जाऊन परत हात बसवा. सिम्युलेटर किती आणि पायलट किती.

पगार कापला. किती ते नाही सांगत, बायको पण हा धागा वाचते.

एक गोष्ट मात्र विसरणार नाही. नागपूर देशाच्या मधोमध, त्यामुळे रात्री डोक्यावरून दिल्ली-चेन्नई, मुंबई-कोलकाता सतत काही ना काही जात असतं, दिवे दिसतात. त्या एप्रिलमध्ये मी गच्चीवर झोपायचो. एक रात्र मोजायला बसलो. तासभर एकही नाही. मग एक आलं, मालवाहू असावं, आणि मी वेड्यासारखा हात हलवला.


तर्रीबाज | १:४१

तुमच्या बायकोने पण वाचलं बरं का, की गच्चीवर झोपायचे.


मिहानचा_मेकॅनिक | १:४४

अबे उकडत होतं म्हणून.


निळी_ओढणी | ३:१५

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस वाचनमात्र होते. मी केबिन क्रू होते, माहेर सदरचं.

लोकांना वाटतं आम्हाला महिन्याला ठरलेला पगार असतो. असतो पण छोटा. खरा पैसा उडण्याच्या तासांचा. तास शून्य म्हणजे पगारातला मोठा भाग शून्य, कपात तर त्यावर वेगळीच. माझ्या बॅचच्या मुलींनी मुंबईतल्या खोल्या सोडल्या, सामान पोत्यात भरून गावी. जुलै २०२० मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने दहा टक्के लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं, ते टीव्हीवर बघताना आईने रिमोट घेऊन चॅनल बदललं, जणू चॅनल बदललं की बातमी बदलेल.

मला परत बोलावलं तेव्हा पीपीई सूट, वर शील्ड, दोन हातमोजे. सूट काढायचा म्हणजे टाकूनच द्यायचा, म्हणून आम्ही निघायच्या आधीपासून पाणीच प्यायचो नाही. चार-चार सेक्टर (उड्डाणं) करून खाली उतरलं की मोज्यातून हात काढल्यावर बोटं म्हातारीसारखी. जेवण द्यायचं नाही, विकायचं नाही, पाण्याची बाटली सीटवर आधीच ठेवलेली. म्हणजे ज्याच्यासाठी आम्हाला हसायला शिकवलं ते सगळं बंद, आणि हसू तरी कोणाला दिसणार होतं.

आणि हवेबद्दल सांगते, कारण तेव्हा रोज शिव्या खाल्ल्यात. विमानातली हवा बंद खोलीसारखी नसते. दोन-तीन मिनिटांत बदलते, आणि जी परत फिरते ती हेपा फिल्टरमधून जाते, दवाखान्यात वापरतात तसला. जास्त धोका चढता-उतरताना, गर्दीत, बसमध्ये. पण चाक टेकलं रे टेकलं की अख्खं विमान उभं राहायचं, सहा फूट वगैरे सगळं विसरून एकमेकांच्या मानेवर श्वास. ओळीने उतरा म्हणून अनाउन्समेंट करून घसा बसायचा. ती ओळीने उतरायची पद्धत टिकली असती तर मी पेढे वाटले असते. तेवढी एकच चांगली गोष्ट आली होती आणि तीच पहिल्यांदा गेली.


प्रतापनगरी | ३:४०

@निळी_ओढणी, लिहीत राहा हो. आणि कबूल करतो, त्या दिवशी चाक टेकल्यावर पहिल्या पाचात उभा राहणारा मीच होतो. गाऊनसकट.


खामल्याची_माय | ४:२०

माझं थोडं वेगळं. मुलगी आणि जावई मस्कतला. जावयाची नोकरी गेली, तिला सातवा महिना. नेहमीची विमानं बंद. ७ मे २०२० पासून वंदे भारत मिशनची, म्हणजे बाहेर अडकलेल्यांना आणायची सरकारी, विमानं सुटायला लागली, वकिलातीत नाव नोंदवायचं आणि फोनची वाट बघायची. गर्भारबाई म्हणून तिचा नंबर लागला, जावयाचा नाही. एकटी आली. मुंबईत उतरली आणि सात दिवस हॉटेलात, आपल्याच पैशाने, मग सात दिवस घरी असा नियम होता. हॉटेलच्या दाराबाहेर डबा ठेवून बेल वाजवून माणूस पळून जायचा म्हणे. मी इथून रोज फोनवर विचारायची काय जेवलीस, ती म्हणायची इडली. सातही दिवस इडली. अजून घरात इडली केली की ती उठून जाते.

मग पास काढून गाडीने नागपूर. नात सप्टेंबरात झाली. विमानातली धाकधूक तिने पोटातूनच अनुभवली, आता विमानात बसली की सगळ्यांना टाटा करत जाते, क्रूला, शेजाऱ्याला, पायलटच्या दाराला पण.

आपल्या नागपूरहून तेव्हा थेट दोहा आणि शारजा होतं, लोकांना ते आठवत पण नसेल. ती पण मार्च २०२० मध्ये थांबली. बाहेरची नेहमीची विमानं देशभर सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं, दोन वर्षं जवळजवळ. मधे ते एअर बबल का काय, ज्या देशाशी ठरलं तिथेच जायचं.


डॉ_अर्धवट | ५:०२

वैद्यकीय बाजू कोणी मांडली नाही म्हणून. एप्रिल-मे २०२१ मध्ये नागपूरची काय हालत होती ते इथे सांगायला नको. मार्चमध्ये आठवडाभर शहर बंद करून पण लाट थांबली नाही. ज्यांच्याकडे पैसा होता ते पेशंटला एअर अ‍ॅम्ब्युलन्सने हैदराबादला हलवायचे, फुफ्फुसाच्या मशीनसाठी. बाकीचे मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांच्या बाहेर रिक्षात.

त्यातलीच ६ मे २०२१ ची गोष्ट. नागपूरहून हैदराबादला निघालेल्या एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं एक चाक टेकऑफलाच गळून पडलं. छोटं विमान, आत पेशंट, नातेवाईक, डॉक्टर आणि दोघं चालवणारे. ते मुंबईला नेलं, धावपट्टीवर फेस पसरला आणि पोटावर उतरवलं. पाचही जण सुखरूप. त्या रात्री आमच्या वॉर्डमध्ये ही बातमी फिरली आणि दोन मिनिटं सगळे टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या कशाला टाळ्या वाजवायची संधीच नव्हती त्या महिन्यात.


सरळसोट | ५:३०

मास्क, गाऊन, शील्ड हे सगळं थोतांड होतं. लोकांना घाबरवून धंदा केला. मी एकदाही नीट मास्क लावला नाही, मला काही झालं नाही.


डॉ_अर्धवट | ५:३६

तुम्हाला झालं नाही. तुमच्या शेजारच्या सीटवाल्याला विचारलं होतं का?


सरळसोट | ५:३९

तो तर खिडकीकडे सरकून बसला होता.


धागा_पहारेकरी | ५:५०

मास्कवर वेगळा धागा आहे, ४०० प्रतिसादांचा, तिथे जाऊन काय ते करा. इथे विमानावर बोला.


हिशेबी | ६:३०

परत येतो, कारण "सगळं कोरोनाने केलं" हे वाक्य मला पचत नाही.

भाड्याच्या मर्यादा ३१ ऑगस्ट २०२२ ला उठल्या. त्यानंतर भाडं चढलं ते दुसऱ्याच कारणांनी. फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं युद्ध, तेल महाग, आणि आपल्याकडे विमानाचं इंधन हा खर्चातला सगळ्यात मोठा आकडा. मग इंजिनांची भानगड, एका अमेरिकन कंपनीच्या इंजिनांमुळे कितीतरी विमानं जमिनीवर. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये त्या इंजिनांकडे बोट दाखवून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि उडणंच थांबवलं. विमानं कमी, माणसं मात्र परत आली. २०२३ ला १५ कोटी पार, म्हणजे २०१९ पेक्षा जास्त. सीट कमी आणि गिऱ्हाईक जास्त म्हटल्यावर भाव कोण पाडणार? दिवाळीत पुणे-नागपूर बघा. आता बघूच नका, रक्तदाब वाढेल.


बर्डीचा_एजंट | ६:४८

@हिशेबी भाऊ, तुमचं बरोबर आहे पण एक सांगतो. कोरोनात कंपन्यांना एक गोष्ट कळली की गिऱ्हाईक मुकाट्याने काय काय करू शकते. आधी त्यांना भीती होती की काउंटर कमी केले तर बोंब होईल. सक्ती आली सरकारकडून, बोंब झाली नाही. मग साथ ओसरल्यावर काही कंपन्यांनी काउंटरवर बोर्डिंग पास काढून द्यायचे वेगळे पैसे लावले. स्वतःच्याच ऑफिसात स्वतःचंच काम करायचे पैसे! जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाला सांगावं लागलं की हे पैसे घेता येणार नाहीत. तेवढ्यापुरतं थांबलं. पण सीट निवडायचे पैसे आहेतच. माझ्याकडे म्हातारं जोडपं येते, त्यांना शेजारी-शेजारी बसायचं असते, चाळीस वर्षं शेजारी बसलेले लोक हो, आणि मी सांगतो काकाजी त्याचे वेगळे लागतील.


हिशेबी | ६:५५

हे मात्र मला पण पटत नाही. नोंद घेतली.


तर्रीबाज | ७:०१

हिशेबी भाऊंनी नोंद घेतली, धाग्याचा दिवस सार्थकी लागला.


निळी_ओढणी | ७:२०

एक राहिलं. माणसं कमी केली ती परत आणायला वेळ लागतो हे जगाने २०२२ च्या उन्हाळ्यात बघितलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला रोज निघणारे एक लाख प्रवाशांच्या वर नको म्हणून मर्यादा घालावी लागली, बॅगांचे डोंगर. कारण सामान चढवणारा अनुभवी माणूस एकदा दुसऱ्या कामाला लागला की परत येत नाही. त्याला सुरक्षेचा पास लागतो, ट्रेनिंग लागतं. आपल्या एजंट काकांचा तो भाजीवाला पोरगा तसाच. मी पण तशीच. आता शाळेत शिकवते, धरमपेठेत. वर्गात कधी कधी हात दोन्ही बाजूंना करून दारं दाखवते, पोरं हसतात.


प्रतापनगरी | रात्री ९:१०

दिवसभर वाचत होतो, ऑफिसचं काम बोंबललं. माझं आधीचं वाक्य जरा सुधारतो. सगळं कंपन्यांनी मुद्दाम ठेवलं असं नाही, हिशेबींचं इंधन आणि इंजिन मान्य. पण साथीत जे माणसाला हटवून झालं ते माणूस परत आणून बदललं नाही, यावर मी ठाम आहे. मशीन असू द्या, शेजारी एक माणूस असू द्या.

आता कामाचा प्रश्न. पुढच्या महिन्यात आईला मुंबईला न्यायचं आहे, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. बाबा आता नाहीत, ती एकटी विमानात कधी बसलेली नाही आणि मला तिच्याच विमानात तिकीट मिळत नाहीये. दुरांतोने नेऊ का? की विमानानेच पाठवू? मशीनवर तिला काहीच जमणार नाही.


खामल्याची_माय | ९:२२

विमानानेच. रात्रभराच्या गाडीत वरचा बर्थ आला तर काय करणार. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, चालता येत असलं तरी. व्हीलचेअरसोबत माणूस येतो, तोच सगळ्या रांगांतून नेतो.


हिशेबी | ९:३०

चालता येत असेल तर व्हीलचेअर घेऊ नये, ज्याला खरी गरज आहे त्याला मिळत नाही.


खामल्याची_माय | ९:३३

ऑपरेशनला चालली आहे म्हातारी, आणि काउंटरवर माणूस ठेवला असता तर कोणी खुर्ची मागितली असती का?


बर्डीचा_एजंट | ९:४५

भांडू नका. धागाकर्ते, मला निरोप टाका. चेक-इन मी आदल्या दिवशी करून ठेवतो, कडेची सीट, पुढची. बोर्डिंग पासची प्रिंट मोठ्या अक्षरात काढून देतो. पैसे नको. आणि मुंबईला कोण घ्यायला येणार आहे तेवढं सांगा, त्याचा नंबर जाड कागदावर लिहून आईच्या पर्सला बांधू.


प्रतापनगरी | ९:५२

झाकण माझ्याकडे आहे भाऊ. संत्र्याचं चित्र अजून शाबूत आहे.